कॅप्टन म्हणाले की म्हणाल्या? सैन्याविषयी मराठीत लिहायला बसलेल्यांसाठी

कामाच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक इंग्रजी पत्रक आलं होतं. पूरग्रस्त गावात लष्कराच्या तुकडीनं केलेल्या कामाची माहिती त्यात होती. तुकडीचं नेतृत्व एका मेजरकडे होतं. पत्रकात हुद्दा आणि आडनाव एवढंच दिलेलं. मी सरळ 'मेजर म्हणाले' असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. "त्या मेजर माझी मुलगी आहे," ते शांतपणे म्हणाले, "गावात सगळ्यांनी बातमी वाचली, पण तिची म्हणून कुणी ओळखली नाही." त्यांनी दुरुस्तीही मागितली नाही. तेव्हापासून हुद्द्यापुढचं क्रियापद लिहिताना माझा हात थांबतो.

तुम्ही बातमी लिहीत असाल, गावातल्या सत्काराची निमंत्रणपत्रिका, माजी सैनिक संघटनेची स्मरणिका किंवा २६ जानेवारीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, हा प्रश्न आज ना उद्या समोर येणारच. त्यासाठी मी स्वतः वापरतो त्या पायऱ्या इथे देतो आहे.

सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजीत लिंगभाव बराचसा नामातच असतो. 'एअरमन', 'सीमन', 'रायफलमन' या शब्दांच्या शेवटी पुरुष उभा आहे, म्हणून तिकडे शब्द बदलण्याची चर्चा होते. मराठीत हुद्द्याचा शब्द बहुतेक वेळा मोकळा असतो. लिंग येतं ते क्रियापदात, सर्वनामात आणि आपण वर जोडलेल्या विशेषणांत. त्यामुळे इंग्रजीतला वाद उचलून मराठीत आणला, तर आपण नसलेली दुखापत बांधत बसतो आणि असलेली तशीच राहते.

पहिली पायरी: विचारा

आडनावावरून काही कळत नाही. 'फ्लाइट लेफ्टनंट एस. जाधव' कोण, हे एक फोन करून विचारायचं. पूर्ण नाव आणि हुद्दा लिहून घ्यायचा, दल कोणतं तेही विचारायचं, कारण भूदलातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन यांच्या हुद्द्यांत मोठं अंतर आहे. नौदलाचा कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो.

याच टप्प्यावर 'जवान' आणि 'अधिकारी' यांची गल्लत टाळा. लेफ्टनंटपासून वरचे सगळे अधिकारी, त्यांना जवान म्हणत नाहीत. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी. शिपाई, नाईक, हवालदार यांना आपण जवान म्हणतो. पुरुषांच्या बाबतीत हा फरक बरेच जण पाळतात. बाई असली की मात्र 'महिला जवान' हा एकच शब्द सगळ्यांना चिकटवला जातो आणि कर्नलही त्यात येते. ही चूक लिंगाची जितकी, तितकीच माहितीची आहे.

दुसरी पायरी: हुद्द्याला हात लावू नका

नवोदितांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

मेजर, कर्नल, विंग कमांडर, लेफ्टनंट कमांडर हे शब्द इंग्रजीतून आले आणि मराठीत त्यांना लिंगाचा प्रत्यय लागला नाही. हवालदार, सुभेदार, जमादार हे त्याहून जुने. शिवकाळात घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार असे, त्याच्यावर जुमलेदार, मग हजारी, पंचहजारी आणि सर्वांत वर सरनोबत. पायदळात नाईक होता. यातला 'दार' फारसी आहे आणि त्याचा अर्थ धरणारा, सांभाळणारा. ज्या भाषेतून तो आला त्या फारसीत व्याकरणातलं लिंगच नाही. म्हणजे 'हवालदार' या शब्दात मुळात पुरुष नाही, सोपवलेली जबाबदारी आहे.

तरीही कुणीतरी उत्साहानं 'सुभेदारीण' किंवा 'हवालदारीण' लिहितं. ते करू नका. पाटलाची बायको पाटलीण, कुलकर्ण्यांची कुलकर्णीण, तशी सुभेदाराची सुभेदारीण. मराठीत हुद्द्याला 'ईण' लागला की तो नवऱ्याच्या पदावरून बायकोला मिळालेला मान असतो. मास्तरीण हा शब्द शिकवणाऱ्या बाईसाठीही चालला हे खरं, पण लष्करी हुद्द्यांबाबत तसं घडलेलं नाही. जिनं स्वतः बंदूक उचलून, वर्षानुवर्षं नोकरी करून ते पद मिळवलं, तिला 'सुभेदारीण' म्हटलं तर वाचक तिचा नवरा शोधतो. 'सुभेदार' एवढंच लिहा.

'सेनापती' या शब्दावरही काही जण अडतात. त्यातला पती म्हणजे स्वामी, धनी. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'राष्ट्रपती' शब्दावरून अशीच चर्चा झाली आणि शब्द आहे तसाच राहिला, क्रियापद तेवढं बदललं. राज्यघटनेनुसार राष्ट्रपती हे तिन्ही संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापती. २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केलं. 'तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती प्रतिभाताई पाटील यांनी उड्डाण केलं' हे वाक्य वाचताना मराठी कानाला काही खटकत नाही. त्याहून जुना दाखला तळेगावचा. त्र्यंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडल्यावर सेनापतिपदाचा कारभार त्यांच्या आई उमाबाई यांनी सांभाळला. आपण आजही 'सरसेनापती उमाबाई दाभाडे' असंच म्हणतो.

अजून शंका वाटत असेल तर क्रिकेटचं पान उघडा. 'गोलंदाज' हा मूळचा तोफखान्यातला शब्द, तोफेचा गोळा डागणारा. तो मैदानावर आला आणि झुलन गोस्वामीसाठी सहज वापरला गेला. 'कर्णधार हरमनप्रीत कौर म्हणाली' हे रोज छापून येतं, कुणी 'कर्णधारीण' लिहीत नाही. इंग्रजीत 'बॅट्समन' जाऊन नियमांत 'बॅटर' यायला २०२१ साल उजाडावं लागलं. आपला 'फलंदाज' आधीपासूनच तयार होता. खेळाच्या पानानं जे कधीच पचवलं, ते संरक्षणाच्या बातमीत अवघड वाटायचं कारण नाही. २०२३ मध्ये भूदलाच्या तोफखान्यात महिला अधिकारी दाखल झाल्या. म्हणजे गोलंदाज हा शब्द खऱ्या अर्थानं घरी परतला.

भारतीय सैन्यातले काही हुद्दे मात्र इंग्रजी 'मन' घेऊन आले आहेत. शिपायाच्याच दर्जाच्या सैनिकाला रेजिमेंटप्रमाणे रायफलमन, सिग्नलमन, क्राफ्ट्समन, गार्ड्समन म्हणतात. हे अधिकृत हुद्दे आहेत. नावासोबत लिहिताना ते जसे दिले असतील तसेच लिहायचे, आपल्या मनानं बदलायचे नाहीत. आसाम रायफल्समध्ये 'रायफलवुमन' असा शब्द वापरात आहे, तिथे तो लिहावा. हुद्दा नेमका माहीत नसेल तर 'सैनिक' लिहा. स्त्री आणि पुरुष दोघांसाठी तो चालतो.

परिचर्या सेवेचा मुद्दा थोडक्यात. लष्करी रुग्णालयातल्या परिचारिका कमिशन मिळालेल्या अधिकारी असतात. वॉर्डात रुग्ण त्यांना सिस्टर म्हणेल, त्यात प्रेम आहे. बातमीत त्या लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर आहेत.

तिसरी पायरी: क्रियापद सांभाळा

हुद्दा मोकळा ठेवला की सगळा भार क्रियापदावर येतो. 'कर्नल म्हणाले' की 'कर्नल म्हणाल्या' हे ठरवावंच लागतं. कळलं असेल तर नि:शंकपणे 'म्हणाल्या' लिहा. त्या एका शब्दात सगळं येतं, वेगळं 'महिला कर्नल' म्हणावं लागत नाही. मराठीची ही फार मोठी सोय आहे आणि आपण तिचा पुरेसा उपयोग करत नाही.

कळलंच नसेल आणि छपाईची वेळ आली असेल, तर मराठीतच सुटका आहे. 'मेजर पाटील यांनी सांगितलं', 'यांनी नेतृत्व केलं', 'यांनी सूत्रं स्वीकारली' या वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे चालत नाही. 'यांची निवड झाली', 'यांना पदक जाहीर झालं', 'यांच्याकडे जबाबदारी आहे' हेही तसंच. कोणतीही ओढाताण न करता पूर्ण बातमी अशी लिहिता येते. ही माझी आणीबाणीची वाट आहे. रोजची नको, कारण ती सतत वापरली तर बाई पुन्हा दिसेनाशी होते.

'तो/ती/त्या' यांच्याकडेही बघा. आपण अधिकाऱ्यांसाठी 'ते' आणि 'त्या' वापरतो, जवानांसाठी 'तो' आणि 'ती'. जवान जखमी झाला, कर्नल जखमी झाले. ही जुनी सवय आहे आणि मला ती पटत नाही. निदान एक तरी पाळा: पुरुष अधिकाऱ्याला 'ते' लिहिलं असेल तर त्याच बातमीतल्या महिला अधिकाऱ्याला 'ती' लिहू नका. वय कमी दिसलं, फोटोत हसरा चेहरा दिसला की हात आपोआप 'ती'कडे वळतो.

अनेकवचनात सावध राहा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १४८व्या तुकडीचं दीक्षान्त संचलन झालं. त्यात पहिल्यांदाच १७ मुली होत्या. संपूर्ण तुकडीबद्दल लिहिताना 'तीनशेहून अधिक कॅडेट उत्तीर्ण झाले' हे बरोबर. फक्त त्या मुलींबद्दल लिहिताना 'सतरा कॅडेट उत्तीर्ण झाल्या'. 'कॅडेट' शब्द दोन्हीकडे तोच. इंग्रजीत मात्र परंपरेनं डेहराडूनच्या अकादमीत 'जंटलमन कॅडेट' आणि चेन्नईच्या अकादमीत मुलींसाठी 'लेडी कॅडेट' म्हणत असत. मराठीत 'सद्गृहस्थ कॅडेट' असं काही करू नका.

विशेषणांचं सोपं आहे. शूर, धाडसी, कर्तव्यदक्ष, निवृत्त, माजी हे शब्द कुणासाठीही बदलत नाहीत.

चौथी पायरी: 'महिला' हा शब्द कधी लिहायचा

बाई असणं हीच बातमी असेल तेव्हा. सर्वोच्च न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२० रोजी भूदलातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन देण्याचा निर्णय दिला, तिथे 'महिला' शब्द गाळला तर बातमीच उरत नाही. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग हवाई दलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, तिथेही तो हवा.

इतर ठिकाणी तो गाळून बघा. मार्च २०१६ मध्ये पुण्यात अनेक देशांच्या सैन्यांचा 'एक्सरसाइज फोर्स १८' हा सराव झाला. त्यात भारतीय तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी यांनी केलं. तेव्हा त्या लेफ्टनंट कर्नल होत्या आणि अशा सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला अधिकारी, म्हणून तेव्हा 'महिला' लिहिणं योग्य होतं. मे २०२५ मध्ये त्या कर्नल म्हणून विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्याबरोबर पत्रकारांसमोर 'ऑपरेशन सिंदूर' या कारवाईची माहिती देत होत्या. तिथे 'कर्नल कुरेशी यांनी माहिती दिली' पुरेसं आहे. बाजूला बसलेल्या परराष्ट्र सचिवांना कुणी 'पुरुष सचिव' म्हणत नव्हतं.

आणि 'पहिल्या महिला' लिहिण्याआधी पडताळा. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांच्याआधी पुनीता अरोरा आणि एअर मार्शल पद्मावती बंदोपाध्याय त्या दर्जाला पोहोचल्या होत्या. तिसरं असण्यात काही कमीपणा नाही. पण घाईत 'पहिल्या' लिहिलं तर आधीच्या दोघींचं काम पुसलं जातं.

पाचवी पायरी: शौर्याचे शब्द

मला सगळ्यात जास्त काळजी याच पायरीची वाटते, कारण इथे व्याकरण मदतीला येत नाही.

'मर्दुमकी गाजवली', 'मर्दानगी दाखवली', 'पौरुषाला आव्हान' हे वाक्प्रचार आपल्या लेखणीत मुरलेले आहेत. पवाड्यात, ऐतिहासिक लेखनात, जुन्या पत्रांत ते जिथे आहेत तिथे राहू द्या, जुना मजकूर उद्धृत करताना बदलू नका. आजच्या सैनिकाबद्दल लिहिताना पराक्रम, शौर्य, धैर्य, चिकाटी, धाडस हे शब्द घ्या. त्यात काही पातळ होत नाही. उलट 'मर्दुमकी' लिहून आपण नेमकं काय घडलं ते सांगायचं टाळतो. रात्रभर बर्फात चौकी राखली, जखमी साथीदाराला पाठीवरून आणलं, हे लिहा.

'बांगड्या भरल्यात का' ही म्हण तर पूर्णपणे सोडा, भाषणातसुद्धा. समोर बसलेल्या राष्ट्रीय छात्र सेनेच्या मुलींच्या हातात बांगड्या असतात, आणि त्यांच्यातली एखादी उद्या मुळशीजवळच्या कासार आंबोलीच्या मुलींच्या सैनिकी शाळेतून पुढे अकादमीत गेलेली असेल.

दुसरं टोकही टाळा. बाई गणवेशात दिसली की रणरागिणी, दुर्गा, आदिशक्ती, झाशीची राणी. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेत 'झाशीची राणी' नावाची पलटण खरोखर उभी राहिली होती आणि तिचं नेतृत्व कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्याकडे होतं. तिथे ते नाव आहे, विशेषण नाही. लोकांनी पुढे आयुष्यभर त्यांना 'कॅप्टन लक्ष्मी' म्हटलं, म्हणजे लोकांनाही हुद्दाच जवळचा वाटला. सिग्नल्समधली अभियंता अधिकारी दिवसभर संपर्कयंत्रणा सुरू ठेवते. तिला देवी केलं की तिचं शिक्षण, तिची मेहनत दिसेनाशी होते.

सहावी पायरी: वीरपत्नी, वीरनारी, वीरमरण

हे शब्द तोलून वापरायचे असतात, कारण वाचणाऱ्या घरात दुःख असतं.

'वीरनारी' म्हणजे शूर बाई असा अर्थ नवीन माणूस लावतो आणि पदक मिळालेल्या महिला अधिकाऱ्याला 'वीरनारी' लिहून बसतो. सैन्यात हा शब्द ज्यांच्या पतीला वीरमरण आलं त्यांच्यासाठी वापरतात. जिवंत, सेवेत असलेल्या अधिकाऱ्याच्या घरी ही बातमी गेली तर काय वाटेल, कल्पना करा.

आपल्याकडे वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता हे शब्द रुळले आहेत. पत्नीला वीरमरण आलं तर पतीसाठी मात्र रुळलेला शब्द नाही. नवा घडवण्याची घाई नको, 'वीरमरण आलेल्या कॅप्टन अमुक यांचे पती' असं सरळ लिहा.

'शहीद' आणि 'हुतात्मा' दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत. मी 'वीरमरण आलं' पसंत करतो. एक तर संरक्षण खात्याच्या अधिकृत भाषेत 'शहीद' ही संज्ञा नाही. दुसरं म्हणजे 'यांना वीरमरण आलं' या रचनेत स्त्री-पुरुष असा भेदच उरत नाही. मरणाच्या बाबतीत मराठीनं सगळ्यांना एकाच विभक्तीत बसवलं आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं.

एकच व्यक्ती दोन्ही शब्दांत बसते तेव्हा काय? साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आलं. त्यानंतर स्वाती महाडिक यांनी परीक्षा दिली, चेन्नईत प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांच्याविषयी लिहिताना हुद्दा आधी. त्या वीरपत्नी आहेत हे सांगायचंच, पण पुढच्या वाक्यात. पहिली ओळख त्यांनी स्वतः मिळवलेली असावी.

सातवी पायरी: परदेशी बातमी अनुवादताना

२०२० मध्ये कॅनडाच्या नौदलानं 'सीमन' हा हुद्दा काढून 'सेलर' आणला. मराठीत दोन्हींसाठी 'नाविक' लिहिलं तर 'नाविक शब्दाऐवजी आता नाविक' अशी बातमी होते. बातमी शब्दाविषयीच असेल तर मूळ शब्द देवनागरीत ठेवा आणि 'मन म्हणजे पुरुष' हे एका ओळीत सांगा. २०१६ मध्ये अमेरिकी मरीन कोअरनं १९ पदनामांतून 'मन' काढलं, पण 'रायफलमन' ठेवलं. असा तपशील तर अनुवादात टिकतच नाही.

सगळीकडे एकच उत्तर निघालेलं नाही हेही लिहा. जर्मनीत २०२० मध्ये हुद्द्यांची स्त्रीलिंगी रूपं करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अनेक महिला सैनिकांनीच नको म्हटलं. फ्रान्समध्ये पुरुष अधिकाऱ्याला 'माझे कर्नल' अशा अर्थानं हाक मारतात, स्त्रीला नुसतं 'कर्नल'.

उलट, जिथे मराठीत अडचण नाही तिथे ती आणू नका. 'मॅनपॉवर'ला आपल्याकडे मनुष्यबळ आहे, 'अनमॅन्ड'ला मानवरहित. मनुष्य आणि मानव दोन्हींत सगळे येतात. युद्धनौकेला इंग्रजीत 'शी' म्हणावं की नाही यावर वाद आहे. मराठीत नौका स्त्रीलिंगी, जहाज नपुंसकलिंगी, एवढ्यावर विषय मिटतो. नौदलानं स्वतः घडवलेला शब्द मात्र तसाच घ्या. सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातून 'तारिणी' या शिडाच्या नौकेवर निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्यातच परतल्या. मोहिमेचं नाव होतं 'नाविका सागर परिक्रमा'. नाव आहे म्हणून नाविका लिहायचं. त्यांच्या प्रमुखांचा उल्लेख मात्र 'लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी' असाच.

आता एक वाक्य दुरुस्त करू

समजा, निमंत्रणपत्रिकेचा मजकूर असा आला: 'आपल्या गावची रणरागिणी, महिला जवान कॅप्टन जोशीताई हिने सीमेवर मर्दुमकी गाजवल्याबद्दल वीरनारी पुरस्कार देऊन सत्कार.'

फोन करून विचारलं. कॅप्टन जोशी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत आहेत, हिमस्खलनात अडकलेल्यांवर त्यांनी सलग दोन दिवस उपचार केले. मग मजकूर असा होतो: 'हिमस्खलनात अडकलेल्या सैनिकांवर सलग दोन दिवस उपचार करणाऱ्या, आपल्या गावच्या कॅप्टन जोशी यांचा ग्रामस्थांतर्फे सत्कार.' पुरस्काराचं नाव बदलायला आयोजकांना सांगा. ते कारण विचारतील तेव्हा वीरनारीचा अर्थ समजावून सांगा. आणि 'ताई' हवंच असेल तर ते व्यासपीठावर, ओवाळणाऱ्या बायकांच्या तोंडी येईलच. तिथे ते शोभतं.